‘मालगुडी डेज’मधली माणसं पुढे कुठं गेली? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या कॉलनीच्या समाजभवनात आम्ही मुलांना जुन्या मालिका दाखवतो. मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पाय ठेवायची सोय नसते. दोन मोठे कूलर, एक प्रोजेक्टर आणि आमरस खाऊन पेंगुळलेली पोरं, एवढ्यावर आमचा कार्यक्रम होतो. सगळ्यांत जास्त मागणी असते ‘मालगुडी डेज’ला, म्हणजे आर. के. नारायण यांच्या गोष्टींवरच्या मालिकेला. आणि प्रश्न मुलांपेक्षा त्यांना न्यायला आलेल्या आईबाबांचे, आजोबांचेच जास्त असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तीच तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे.

ताई, तो स्वामी आता काय करतो?

हा प्रश्न पहिला येणार हे ठरलेलंच. मालिकेतला शाळकरी स्वामी झालेल्या मुलाचं नाव मंजुनाथ नायकर. तेव्हा पाटीवर नाव यायचं ‘मास्टर मंजुनाथ’. मालिका १९८६ साली दूरदर्शनवर सुरू झाली, त्याआधीपासूनच तो कन्नड सिनेमात कामं करत होता. त्यामुळे ‘गावातला एक पोरगा उचलला आणि कॅमेऱ्यासमोर उभा केला’ ही जी गोष्ट आपल्याकडे सांगतात, ती खरी नाही. पोरगा कामात मुरलेला होता. तो इतका सहज वाटतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

स्वामीच्या भागांवरून पुढे ‘स्वामी’ नावाचा सिनेमाही झाला. मग १९९० साली आलेल्या ‘अग्निपथ’मध्ये हाच मुलगा लहानपणीचा विजय दीनानाथ चव्हाण झाला. मालगुडीतला चड्डीतला स्वामी आणि कोकणातल्या मांडव्याचा, बापाचा अपमान डोळ्यांत साठवून ठेवणारा विजय, हा एकच मुलगा आहे हे सांगितलं की समाजभवनात हमखास ‘काय सांगता बाप्पा!’ असा सूर निघतो. दोन्ही तुकडे लागोपाठ दाखवून बघा. स्वामीची नजर सारखी इकडे तिकडे पळत असते, विजयची हलत नाही.

१९९२ मध्ये के. विश्वनाथ यांच्या ‘स्वाती किरणम्’ या तेलुगू सिनेमात त्याची मोठी भूमिका आहे. शिष्याच्या गळ्यावर जळणारा गवई गुरू झाला होता मामूट्टी, आणि तो असामान्य गळ्याचा शिष्य मंजुनाथ. विशीत शिरण्याआधीच त्यानं अभिनय थांबवला, शिक्षण पुरं केलं आणि पुढे बेंगळुरूत जनसंपर्काच्या क्षेत्रात काम केलं.

म्हणजे पुढे चाललं नाही म्हणूनच सोडलं ना?

हा प्रश्न विचारणारे साधारणपणे दहावी-बारावीच्या पोरांचे बाबा असतात. नाही हो. ‘अग्निपथ’ आणि ‘स्वाती किरणम्’नंतर ‘चाललं नाही’ कसं म्हणायचं? बालकलाकार मोठा झाला आणि पडद्यावर दिसेनासा झाला की आपण लगेच ‘अरेरे’ म्हणतो. लहानपणी शाळेत गाणारी सगळी मुलं मोठेपणी गवई होत नाहीत, तेव्हा आपण कुठं हळहळतो? मला तर शिकून, नोकरी करून, साधं घर चालवणारा मोठा माणूस बघितला की बरं वाटतं. त्या काळात बालकलाकारांचं पुढे जे जे झालेलं आहे ते पाहता हे चांगलंच झालं.

स्वामीचे बाबा म्हणजे ‘एक था टायगर’मधलेच ना?

हो, तेच. गिरीश कार्नाड. पण नव्या पिढीनं त्यांना सलमानच्या साहेबापुरतं ओळखावं, याचं आमच्या नाट्यवेड्या आजोबांना भारी दुःख होतं. म्हणून थोडं सविस्तर.

कार्नाडांचा जन्म १९३८ चा, आणि तो झाला आपल्या माथेरानला. बालपण उत्तर कर्नाटकात सिरसीला गेलं, तिथं त्यांनी यक्षगान, म्हणजे तिकडचं लोकनाट्य, भरपूर पाहिलं. धारवाडला पदवी घेतली ती गणित आणि संख्याशास्त्रात. पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. ‘ययाती’ हे पहिलं नाटक १९६१ चं, ‘तुघलक’ १९६४ चं, आणि मग ‘हयवदन’. ‘हयवदन’ मराठीत आणलं चिं. त्र्यं. खानोलकरांनी. १९९८ साली ज्ञानपीठ मिळालं. त्याआधी ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक होते. मराठी प्रेक्षकाला ते ठाऊक आहेत १९८२ च्या ‘उंबरठा’मुळे. स्मिता पाटीलचा तो वकील नवरा, जो वाईट नाही आणि म्हणूनच जास्त त्रासदायक आहे. १० जून २०१९ ला बेंगळुरूत ते गेले.

आता स्वामीच्या बापाकडे वळू. मूळ गोष्टीत बाप स्वामीला एक गणित घालतो. रामाकडे दहा आंबे आहेत, त्यांचे त्याला पंधरा आणे करायचे आहेत, कृष्णाला चारच आंबे हवेत, तर कृष्णानं किती आणे द्यायचे? स्वामी बराच वेळ पाटीकडे बघत बसतो आणि शेवटी विचारतो, आंबे पिकलेले होते का? बाप हसू दाबतो आणि सांगतो, आधी गणित कर, मग सांगतो. ते दाबलेलं हसू हाच कार्नाडांच्या कामाचा गाभा आहे. आवाज चढवायचा नाही, वर्तमानपत्र थोडं खाली करायचं, चष्म्यावरून बघायचं. पोराला धाक वाटतो आणि बघणाऱ्याला बापाच्या पोटातली माया दिसते. गणिताचा पदवीधर नट पोराला गणितावरून छळतो आहे, हे माहीत असलं तर त्यात आणखी गंमत येते.

हा प्रसंग सांगितला की आमच्याकडची पोरं एका सुरात म्हणतात, ‘मग बरोबरच हाय ना त्याचं! कच्च्याचा भाव वेगळा ऱ्हाते.’ कळमन्याच्या मार्केटमध्ये बापासोबत आंबे घ्यायला गेलेली पोरं आहेत ही.

आणि आई?

वैशाली कासरवल्ली. कन्नड रंगभूमी आणि सिनेमातल्या अभिनेत्री, दिग्दर्शक गिरीश कासरवल्ली यांच्या पत्नी. पुढे त्यांनी कन्नड मालिका दिग्दर्शित केल्या, आणि नवऱ्याच्या ‘तायी साहेबा’ या सिनेमासाठी वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. २०१० मध्ये त्यांचं निधन झालं. मालिकेत त्यांच्या वाट्याला संवाद फार नाहीत, पण बाप ओरडायला लागला की त्या हातातलं काम न थांबवता जे ऐकतात ते बघण्यासारखं आहे.

दिग्दर्शक शंकर नाग कोण? ते लवकर गेले म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. ३० सप्टेंबर १९९० ला दावणगेरेजवळ अनगोडू इथं गाडीच्या अपघातात ते गेले, शूटिंगला निघाले होते. वय पस्तीस. सोबत पत्नी आणि लहान मुलगी होती, त्या दोघी वाचल्या.

पस्तीस वर्षांत या माणसानं केलं किती, याची यादी केली तर दम लागतो. जन्म ९ नोव्हेंबर १९५४ चा, उत्तर कन्नडमधल्या होन्नावरकडचा. शिक्षण झाल्यावर मुंबई गाठली आणि तिथल्या मराठी नाटकात रमले. चापेकर बंधूंवरचा ‘२२ जून १८९७’ हा मराठी सिनेमा ज्यांना आठवत असेल त्यांनी लेखकांच्या श्रेयनामावलीत शंकर नाग हे नाव शोधावं. मग कार्नाडांनी त्यांना ‘ओंदानोंदु कालदल्ली’मध्ये घेतलं. त्या पहिल्याच सिनेमासाठी १९७९ च्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. म्हणजे ‘मालगुडी डेज’मध्ये शंकर नाग कार्नाडांना सूचना देत होते, तेव्हा ते आपल्याला सिनेमात आणणाऱ्या माणसालाच सूचना देत होते.

कर्नाटकात मात्र त्यांची खरी पुण्याई रिक्षावाल्यांकडे आहे. १९८० च्या ‘ऑटो राजा’मध्ये ते रिक्षावाला झाले. आजही बेंगळुरूच्या रिक्षांच्या पाठीवर त्यांचा फोटो दिसतो. सिनेमे, मालिका, नाटकं, ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ, सगळं एकाच वेळी चालू. बेंगळुरूत मेट्रो व्हायला हवी, हे ते ऐंशीच्या दशकात बोलत होते. आपल्याकडे मेट्रो धावली २०१९ मध्ये, त्यावरून हिशेब लावा.

माझं मत विचाराल तर या मालिकेचं यश इथंच आहे. ती टीव्हीवाल्यांनी केलेली नाही, नाटकवाल्यांनी केली. जो माणूस तालमीत महिना महिना घालवून आलेला असतो तो दोन वाक्यांच्या पोस्टमनलाही पूर्ण माणूस करतो. राज्य नाट्य स्पर्धेसाठी रात्री अकरापर्यंत तालमी केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

अनंत नाग त्यांचे कोण? मिठाईवाला तेच ना?

थोरले भाऊ, आणि हो, मिठाईवाला जगन तेच. जन्म १९४८ चा. म्हणजे परदेशातून परतलेल्या मुलापुढे हतबल झालेला तो म्हातारा बाप त्यांनी चाळिशीच्याही आत असताना उभा केला. एवढ्या वयाचा फरक मेकअपनं भरून निघत नाही. त्यांचं उठणं-बसणं बघा. खुर्चीवरून उठताना हात आधी कुठं टेकतो ते बघा.

तेही मुंबईच्या रंगभूमीचेच. कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी अशा चार भाषांत नाटकं केली. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मधून १९७४ मध्ये हिंदीत आले, मग ‘निशांत’, ‘मंथन’, ‘भूमिका’. पुढे कन्नड सिनेमाचे मोठे नायक झाले, राजकारणात गेले, आमदार आणि मंत्रीही झाले. आजच्या पोरांना ओळख सांगायची तर ‘केजीएफ’च्या पहिल्या भागात गोष्ट सांगणारा तो म्हातारा पत्रकार. हे कळलं की मागच्या रांगेतले मोठे पोट्टेही मोबाइल खाली ठेवतात. २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झालं.

शंकर नागांच्या पत्नीही अभिनेत्री होत्या का?

होत्या नाही, आहेत. अरुंधती नाग. मालिकेच्या काही भागांत त्या दिसतात. मुंबईत वाढल्या, गुजराती, मराठी, हिंदी, इंग्रजी अशी सगळ्या भाषांतली नाटकं केली. शंकर नागांची भेट तिथंच झाली. पतीच्या अपघातात त्या स्वतः जबर जखमी झाल्या होत्या. त्यातून उठून त्यांनी बेंगळुरूच्या जे. पी. नगरात ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह उभं केलं. ते २००४ मध्ये सुरू झालं. ‘पा’मधल्या विद्या बालनच्या आईसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पद्मश्री.

‘रंगशंकरा’त उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, मग तो कोणीही असो. आपल्या देशपांडे सभागृहात तिसरी घंटा झाल्यावर सहकुटुंब रांग ओलांडत, चिवड्याची पुडी सांभाळत येणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

एका भागात कोणीतरी मोठा हिरो होता म्हणतात?

विष्णुवर्धन. कन्नडचे सुपरस्टार. महिना चाळीस रुपयांवर राबणाऱ्या कारकुनाच्या गोष्टीत ते आहेत. लेकीला सिनेमाला न्यायचं कबूल केलेलं, आणि साहेब सोडत नाही. पडद्यावर दहा गुंडांना लोळवणारा माणूस इथं रजा मागायला घाबरतो. ३० डिसेंबर २००९ ला ते गेले. ऑफिसला जाणाऱ्या बाबांनी हा भाग मुलांसोबत बघू नये, नंतर अवघड प्रश्न येतात.

सुरुवातीची चित्रं कोणाची? आणि ती धून?

चित्रं आर. के. लक्ष्मण यांची. मूळ लेखक आर. के. नारायण त्यांचे थोरले भाऊ. लक्ष्मण आपल्याला ‘कॉमन मॅन’मुळे माहीत, अख्खी कारकीर्द मुंबईत आणि शेवटची वर्षं पुण्यात. २०१५ मध्ये गेले. धून एल. वैद्यनाथन यांची. ती गुणगुणता न येणारा चाळिशीचा माणूस मला अजून भेटायचा आहे.

नारायण यांच्याबद्दल एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगते. ते राज्यसभेचे सदस्य झाले आणि १९८९ मध्ये तिथं बोलले ते शाळेच्या दप्तराच्या ओझ्यावर! टाळ्या पडतात. दप्तर अजून तेवढंच आहे, हा भाग वेगळा.

मालगुडी खरंच आहे का? नागपूरहून जाता येईल?

गाव नकाशावर नाही, पण शूटिंग झालं ते आगुंबे आहे. कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात, पश्चिम घाटाच्या कड्यावर. तिथं ‘दोड्ड मने’ म्हणजे मोठं घर नावाचा जुना चौसोपी वाडा आहे, स्वामीचं घर तेच. कलादिग्दर्शक जॉन देवराज यांनी गावातच मालगुडी उभी केली, आणि गावकरी छोट्या छोट्या भूमिकांत वावरले.

जायचं तर नागपूरहून बेंगळुरूची गाडी पकडायची, तिथून रेल्वेनं शिवमोग्गा, आणि पुढे साधारण ९० किलोमीटर रस्त्यानं. शिवमोग्गा ते तालगुप्पा मार्गावर अरसाळू नावाचं छोटं स्टेशन लागतं. मालिकेतलं रेल्वे स्टेशन तेच, आणि रेल्वेनं आता तिथं मालगुडी संग्रहालय केलंय. आपल्या मोतीबागेतलं नॅरोगेज म्युझियम ज्या मुलांना आवडतं त्यांना तेही आवडेल, फक्त फार मोठ्या अपेक्षा ठेवून जाऊ नका, लहानसं आहे.

पावसाळ्यात जाऊ नका असं सांगायचा प्रयत्न करते, कोणी ऐकत नाही. आगुंबे देशातल्या सगळ्यांत पावसाळी ठिकाणांपैकी एक आहे. आपल्याकडच्या जूनमधल्या दोन सरींची सवय असलेल्यांनी जळवांची मानसिक तयारी ठेवून जावं. नागराजाचा म्हणजे किंग कोब्राचाही तो मुलूख आहे.

नवीन भागही आले होते ना?

हो, २००६ मध्ये, कविता लंकेश यांच्या दिग्दर्शनाखाली. बरे आहेत. आम्ही जुनेच दाखवतो.

आमच्या पोरीलाही टीव्हीत काम करायचं आहे. काय करावं लागतं?

स्वामी बघून घरी गेल्यावर दर वर्षी एक-दोन जणांच्या घरात हा विषय निघतोच. ‘ऑडिशन’च्या नावाखाली हॉटेलात बोलावून पोर्टफोलिओचे पैसे घेणारे शहरात येतात, त्यांच्या नादी लागू नका. खरं काम देणारा पोराकडून पैसे घेत नाही, देतो.

मंजुनाथच्या वेळी नव्हते असे नियम आता आहेत. बालमजुरी कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. त्यानुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांहून जास्त काम घेता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त तर नाहीच. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. शाळा बुडणार नाही याची व्यवस्था करावी लागते, आणि सलग २७ दिवसांहून जास्त काम देता येत नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस सेटवर हवा. मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावानं मुदत ठेवीत टाकावा लागतो. ‘आमच्याकडे असं काही नसतं’ असं म्हणणारा निर्माता भेटला तर तिथूनच परत फिरा.

आणि आधी पोरीला बालनाट्याच्या शिबिराला घाला. उन्हाळ्यात शहरात बरीच होतात. दोन तास झाड होऊन उभं राहायची तयारी असेल तर पुढचं बघू.

किती वर्षांच्या मुलांना दाखवावी, आणि कुठून सुरुवात करू?

स्वामीचे भाग सहा-सातच्या पुढे कोणालाही चालतात, पण ओळीनंच दाखवा, मध्येच नको. मिठाईवाला थोडा मोठा झाल्यावर, बारा-तेराच्या आसपास, नाहीतर कंटाळतात. भाग यूट्यूबवर सापडतात. चित्र थोडं धुरकट आहे, पण पाच मिनिटांत डोळ्यांना सवय होते. आमच्याकडे यायचं असेल तर सुट्टीतल्या शनिवारी दुपारी तीनला या, येताना पाण्याची बाटली आणा आणि कूलरसमोरच्या जागेवरून भांडू नका, ती चिल्ल्यापिल्ल्यांसाठी राखीव असते.